पाणी कुठं मुरतंय, ते आधी शोधा

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो, तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप फुटला आणि शेजारच्या झोपायच्या खोलीत पाणी साचलं. परत आल्यावर पाणी उपसलं, प्लंबरने पाइप बदलला. भिंत कोरडी दिसायला लागली म्हणून दोन आठवड्यांनी रंगही दिला. महिन्याभरात खोलीत कुबट वास येऊ लागला. कपाट सरकवून पाहिलं, तर भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर काळे डाग. त्या खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना दमा आहे आणि रात्रीचा खोकला वाढलाय. मी रोज ब्लीचने पुसते, आठ दिवसांत डाग पुन्हा दिसतात. एका सफाई कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणतो, आधी हवेची तपासणी करू, मग औषधाची धुरी आणि ओझोनचं मशीन लावू, शिवाय वर्षभराचा करार करा. नवरा म्हणतो, बुरशीरोधक रंग मारला की संपलं. कपाटात वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्या आणि जुने अल्बम आहेत, तेही सादळलेत. परवा एक नातेवाईक आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘या खोलीत झाडपूस होत नाही का?’ तेव्हापासून मला झोप नाही. कोणाचं ऐकू? आणि माझं नेमकं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. तुमच्या झाडपुशीत काहीही चुकलेलं नाही. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात. माझ्या घरात आहेत, त्या नातेवाईकांच्या घरातही आहेत. ते कुठं रुजायचे हे झाडूवर ठरत नाही, ओलीवर ठरतं. भिजलेलं प्लायवूड, कागद, गिलाव्यावरचा रंग हे सगळं साधारण २४ ते ४८ तासांत वाळलं नाही, तर बुरशी धरायला लागते. तुम्ही दार उघडून आत पाऊल टाकलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. त्यानंतर तुम्ही दिवसातून तीनदा फरशी पुसली असती तरी भिंतीच्या पोटात जे सुरू झालं होतं ते थांबलं नसतं.

आता आज रात्रीचं. सासूबाईंचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा. काम संपेपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये. खोलीचं दार बंद ठेवा आणि दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी सारा. तिथे एसी असेल तर बंद ठेवा. डागांवर पंखा तर मुळीच सोडू नका, वाऱ्याने बीजकण घरभर पसरतात. वाढलेल्या खोकल्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि घरात ओल व बुरशी आहे हे आवर्जून सांगा. आपण डॉक्टरांना खोकला सांगतो, भिंत सांगत नाही.

ब्लीच थांबवा. घरगुती ब्लीच म्हणजे बहुतांश पाणीच असतं, आणि गिलावा किंवा प्लायवूड अशा सच्छिद्र वस्तूवर ते पाणी आत शोषलं जातं. डाग फिका पडतो, मूळ तसंच राहतं, म्हणून तो आठ दिवसांनी परत दिसतो. शिवाय त्याची वाफ दम्याच्या माणसाची श्वासनलिका आणखी चिडवते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया असलेलं द्रावण मिसळलं तर क्लोरामाइन. बंद खोलीत दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. डाग जात नाहीत म्हणून वैतागून माणसं हेच करतात, म्हणून लिहिते आहे.

भिंत दोन आठवड्यांत कोरडी ‘दिसली’ असं तुम्ही लिहिलंय. घरातली ओल आणि बुरशी काढायच्या कामात मी वीसेक वर्षं आहे आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः हीच चूक केली होती. एका घरात पाण्याने भिजलेल्या भिंतीवर तळहात टेकवला, गार लागली नाही, म्हणून ‘वाळली, रंग द्या’ असं सांगून मोकळी झाले. दोन महिन्यांनी तिथे पुन्हा गेले तेव्हा पाळण्यामागची भिंत काळवंडली होती. त्या घरातल्या आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून ओलावामापक लावल्याशिवाय मी भिंतीबद्दल बोलत नाही. भिंत वाळते ती आधी वरून. पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, पण विटांत आणि गिलाव्यात मुरलेलं पाणी बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर येत राहतं आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. वरून प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग दिला की ही वाट आणखी अरुंद होते. त्यात पुढ्यात कपाट, म्हणजे तिथे हवाही खेळत नाही.

म्हणून कोणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी एकच गोष्ट शोधायची आहे : हे पाणी तेव्हाचंच आहे, की अजून येतंय? आपल्याकडे ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे.

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तास कोणी थेंबभरही वापरू नका आणि मग आकडा पाहा. हलला असेल तर कुठला तरी पाइप अजून गळतोय. हलला नसेल तर दाबाखालच्या पाइपांमध्ये मोठी गळती नाही असं समजायचं. पण सांडपाण्याचा पाइप, जमिनीतली जाळी, न्हाणीघरातल्या फरशांचे सांधे यांतून पाणी झिरपत असेल तर ते मीटर सांगणार नाही. त्यासाठी दोन-तीन दिवस ते न्हाणीघर पूर्ण बंद ठेवा आणि भिंतीचा ओलावा आधी आणि नंतर मोजा. ओलावामापक विकत घ्यायलाच हवा असं नाही, चांगल्या कारागिराकडे असतो. एक लक्षात ठेवा : गिलाव्यावर त्या यंत्राचा नुसता आकडा फार काही सांगत नाही. घरातल्या, नक्की कोरड्या असलेल्या तशाच एखाद्या भिंतीवर मोजा आणि दोन्हींची तुलना करा. लाकडाचं गणित जरा सोपं आहे. त्यात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला आणि कुजण्याला जागा मिळते.

तिसरी शक्यता अशी की पाणी भिंतीतून येतच नाही, खोलीतल्या हवेतून येतं. २५ अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेला साधारण १७ अंशांचा गार पृष्ठभाग मिळाला की तिथे दव धरतं. आर्द्रता वाढली तर इतकंही गार लागत नाही. कपाटामागची बाहेरची भिंत, किंवा पलीकडच्या खोलीत एसी चालू असलेली भिंत अशी ओल धरते. ओळखायला साधी युक्ती आहे. भिंतीच्या डाग नसलेल्या पण संशयित भागावर हातभर अॅल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर दोष हवेतल्या दमटपणाचा. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. आणि पांढरी भुकटी दिसली तर तिला बुरशी समजून घाबरू नका, तो बहुधा लोणा असतो, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण लोणा आहे म्हणजे तिथून पाणी आलं होतं, एवढी साक्ष तो देतो.

आता त्या कंपनीच्या माणसाकडे येऊ. तो घरात आला, पण पाइप कुठला फुटला, भिंत किती दिवस ओली होती, यातलं काही त्याने विचारल्याचं तुमच्या पत्रात नाही. मला तिथेच शंका आली. पाण्याबद्दल न विचारता जो धुराबद्दल बोलतो, तो तुमचा प्रश्न सोडवायला आलेला नाही. आणि वर्षभराचा करार कशासाठी? काम नीट झालं तर त्याला दर महिन्याला येण्याचं कारणच उरत नाही.

हवेची तपासणी ऐकायला शास्त्रीय वाटते. पण हवेत किती बीजकण असले की घर सुरक्षित, याची सर्वमान्य मर्यादाच ठरलेली नाही. खिडकी उघडली, कोणी चालून गेलं, तरी आकडे बदलतात. तुम्हाला बुरशी डोळ्यांनी दिसतेय. ती कुठल्या जातीची हे कळल्याने काम बदलत नाही, ती काढायचीच आहे. वास येतो पण डाग कुठेच सापडत नाही, किंवा घरमालकाशी वा विमा कंपनीशी वाद आहे, अशा वेळी तपासणीचा उपयोग होतो. मात्र तेव्हाही तपासणारा आणि सफाईचं काम घेणारा एक नसावा.

धुरीबद्दल. औषधाचा धूर जिथे पोचेल तिथली वरची बुरशी कदाचित मारेल. पण मेलेल्या बुरशीचे कणही अॅलर्जीच्या आणि दम्याच्या माणसाला त्रास देतात. सासूबाईंच्या छातीला बुरशी जिवंत की मेलेली याने फरक पडत नाही, ती घरात आहे की बाहेर गेली याने पडतो. त्यामुळे कामाचं ध्येय ‘मारणं’ हे नसून ‘काढून नेणं’ हे असायला हवं. या एका शब्दावरून तुम्ही कोणत्याही कंपनीला पारखू शकता.

ओझोनला मात्र सरळ नाही म्हणा. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो. माणसाला सोसेल इतक्या प्रमाणात तो बुरशीचं फारसं काही करत नाही, आणि बुरशीवर परिणाम होईल इतका सोडला तर खोलीत माणूस थांबू शकत नाही. गिलाव्याच्या आत तर तो पोचतही नाही. वर तो रबर खराब करतो आणि सुगंधी द्रव्यांच्या वाफेशी संयोग होऊन फॉर्मल्डिहाइडसारखे नवे त्रासदायक पदार्थ तयार करतो. आगीनंतर रिकाम्या इमारतीत, सगळी काजळी काढून झाल्यावर, राहिलेला धुराचा वास घालवायला जाणकार लोक तो वापरतात. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या घरात ओली भिंत आणि दम्याचा माणूस आहे.

तुमचे यजमानही पूर्ण चुकीचे नाहीत. बुरशीरोधक रंगाला त्याची जागा आहे, पण ती शेवटची. स्वच्छ आणि आतून कोरड्या भिंतीवर तो नवी बुरशी धरू देत नाही. जिवंत बुरशीवर मारला तर थोड्या दिवसांत पोपडे धरून पडतो आणि मधल्या काळात खाली काय चाललंय ते दिसतही नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. ओलावामापक लावून दोन भिंतींचे आकडे त्यांना त्यांच्याच हाताने घ्यायला सांगा.

काम घरी करायचं की बाहेरून माणूस बोलवायचा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक ठोकताळा आहे : डाग सुमारे १० चौरस फुटांहून, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांहून लहान असेल तर बहुतेक वेळा घरच्या माणसाने काळजी घेऊन काढायला हरकत नसते. तुमचे डाग केवढे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण घरात दमा आहे, पाणी चार दिवस साचलं होतं आणि कपाटामागे दिसतंय त्याहून जास्त असण्याची शक्यता आहे. मी तुमच्या जागी असते तर लहान डागालाही जाणता माणूस बोलावला असता.

जाणता कसा ओळखायचा? तो आधी पाण्याचा उगम विचारतो. खिशातून ओलावामापक काढतो आणि फक्त डागावर न लावता डागाच्या भोवती, खाली, पलीकडच्या खोलीत लावत जातो, ओल कुठपर्यंत गेली आहे ते आखतो. पाणी कुठलं होतं हे विचारतो, कारण नळाचं स्वच्छ पाणी, धुण्या-न्हाण्याचं पाणी आणि मैलापाणी यांना या व्यवसायात तीन वेगळ्या वर्गांत धरतात आणि प्रत्येकाची हाताळणी वेगळी असते. तुमचं नळाचं होतं, पण स्वच्छ पाणीही दिवसेंदिवस साचून राहिलं की खालच्या वर्गात उतरतं. आयआयसीआरसी या संस्थेची या कामाची मानकं आहेत. पाण्याच्या नुकसानीचं एस-५०० आणि बुरशीच्या कामाचं एस-५२०. ‘तुम्ही कोणत्या मानकाप्रमाणे काम करता?’ असं विचारा. नाव माहीत असलेला प्रत्येक जण चांगलं काम करेलच असं नाही, पण ज्याला हा प्रश्नच कळत नाही त्याच्या हाती ही खोली देऊ नका. काय काढणार, काय ठेवणार, भिंत वाळली हे कशावरून ठरवणार, हे लेखी मागा. ‘कशावरून ठरवणार’ या प्रश्नाला ‘अनुभवावरून’ असं उत्तर आलं तर मला माझा तो तळहात आठवतो.

प्रत्यक्ष काम असं दिसायला हवं. खोलीचं दार जाड प्लास्टिकने बंद केलं जातं. आतली हवा गाळणीच्या यंत्रातून बाहेर ओढली जाते, म्हणजे खोलीत किंचित कमी दाब राहतो आणि धूळ उरलेल्या घरात येत नाही. कामगारांच्या तोंडावर एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, हातमोजे आणि हवेची भोकं नसलेले गॉगल. कोणी कोरड्या ब्रशने घासायला किंवा झाडू मारायला लागला तर तिथेच थांबवा. पृष्ठभाग हलका ओलसर करून खरवडायचा. पोपडलेला आणि भुसभुशीत गिलावा काढायचा. जिप्समचे बोर्ड असतील आणि त्यांनी बुरशी धरली असेल तर कापून काढायचे, ते धुऊन साफ होत नाहीत. काढलेलं सगळं पिशवीत बांधूनच खोलीबाहेर न्यायचं. मग हेपा गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने छतापासून खालपर्यंत धूळ ओढायची. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारी ती हेपा. साध्या व्हॅक्यूमने बारीक धूळ मागून पुन्हा हवेत येते. त्यानंतर साबणपाण्याच्या ओल्या फडक्याने पुसणं. एवढं झाल्यावर भिंत उघडी ठेवून आर्द्रता शोषणारं यंत्र आणि पंखे लावायचे. बुरशी निघून गेलेली असते, म्हणून आता पंखे चालतात. आकडे कोरड्या भिंतीइतके आले की मग नवा गिलावा, प्रायमर आणि यजमानांचा बुरशीरोधक रंग. या वाळवण्याच्या टप्प्यात सगळे घाई करतात. तुम्ही करू नका.

कपाटाचं थोडं वाईट सांगते. पाठीची फळी प्लायवूडची किंवा भुशाच्या बोर्डाची असेल तर ती जाऊ द्या, असे थर आतून साफ करता येत नाहीत. अस्सल लाकडाची चौकट आणि दारं वाचतात. ती पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा वापरता येतील. गादीला तो कुबट वास येत असेल तर तीही ठेवू नका.

वडिलांच्या वह्यांसाठी मात्र धीर धरा. उन्हात वाळत घालू नका, शाई उडते आणि पानं वाकतात. कोरड्या, हवेशीर खोलीत सावलीत उभ्या करून पानं पंख्यासारखी उलगडून ठेवा. पानं चिकटली असतील तर ओढू नका. पूर्ण वाळल्यावर बुरशीची भुकटी होते, ती घराबाहेर मास्क लावून मऊ ब्रशने, वहीच्या शिवणीपासून बाहेरच्या दिशेने हलकेच झटकायची. कधी एखादी वही चिंब भिजली आणि लगेच वाळवता येत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशीची वाढ तिथे थांबते. १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयात पूर आला, तेव्हा तिथली भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून नंतर सावकाश वाळवली होती. हजारो पुस्तकांना जी सवड गोठवण्याने मिळाली, ती तुमच्या चार वह्यांनाही मिळू शकते. पण वाळल्या की सगळ्यात आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

पुढे हवेकडे लक्ष द्यायचं ते साध्या आर्द्रतामापकाने. खोलीत ३० ते ५० टक्के असलेली उत्तम, ६० च्या वर सतत राहू देऊ नका. भिंतीवरच्या साध्या एसीच्या भरवशावर खिडक्या बंद ठेवू नका. तो खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही, आणि त्याचं पाण्याचं ताट तुंबलं तर बुरशी तिथेही धरते. न्हाणीघराचा पंखा हवा इमारतीबाहेर फेकतो की नुसता छताच्या पोकळीत सोडतो, ते एकदा पाहा, आणि आंघोळीनंतरही काही वेळ चालू राहू द्या. हेपा गाळणीचं हवा शुद्ध करायचं यंत्र सासूबाईंच्या सध्याच्या खोलीत लावलंत तर त्यांना आराम मिळू शकेल. भिंतीच्या कामाऐवजी मात्र ते चालणार नाही. घरात झाडं ठेवा असं कोणी सुचवेल. झाडं छान दिसतात, पण २०१९ मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकी उघडण्याइतका फरक पडायला चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील असं निघालं. सुगंधी फवारे तर बंदच करा. कुबट वास ही तुमची खबर देणारी यंत्रणा आहे. ती झाकली गेली तर ओल परत आलेली तुम्हाला कळणार नाही.

आणि त्या नातेवाईक पुन्हा आल्या तर त्यांना खोली दाखवा. उघडी भिंत, चालू यंत्र, भिंतीवर पेन्सिलने तारखेसह लिहिलेले ओलाव्याचे आकडे, सगळं दाखवा. काही सिद्ध करायचं म्हणून नव्हे. त्यांच्याही घरात एखादं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल.

तुमचं कपाट परत लावाल तेव्हा भिंतीपासून चार बोटं पुढे आणि पायांवर उचलून ठेवा. पहिले सहा महिने, महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन मागे डोकावत जा.